आयकस का?

आमच्या धाकटीला ऐकू कमी येत असावं, असं तिच्या बालवाडीच्या मॅडमनी सांगितलं तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग राग आला. जळगावच्या ज्या दवाखान्यात मी नोकरी करते, तिथं दिवसभर लोकांचे कानच तपासते. माणसाला आवाजबंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, काचेच्या अलीकडून बारीक बारीक शिट्ट्या सोडायच्या आणि तो कधी बटण दाबतो ते कागदावर मांडायचं, हे माझं काम. कानाची मशीन बसवून देणं, तिचा आवाज जुळवणं, म्हाताऱ्या माणसांना ती कानात टिकवायला शिकवणं, हेही माझ्याकडेच. आणि माझ्याच पोरीला ऐकू येत नाही, हे मला सांगणार कोण, तर खडूंनी हात माखलेली, कालपरवा नोकरीला लागलेली मुलगी.

त्या बिचाऱ्या घाबरत घाबरतच सांगत होत्या. हजेरीला नाव घेतलं की ही ओ देत नाही. पाठीमागून हाक मारली तर वळत नाही. समोर जाऊन उभं राहिलं की बघते, हसते, सांगितलेलं सगळं करते. जाता जाता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी तेव्हा मनावर घेतली नाही. वर्गात गोष्ट सांगताना त्या सहज म्हणाल्या, ‘ऐकताय ना?’ तर बाकीची पोरं बसलेली आणि आमची एकटीच उठून उभी राहिली होती.

घरी आम्ही पाच जण. मी, माझा नवरा, आठ वर्षांची मोठी, साडेचार वर्षांची धाकटी आणि माझे वडील. वडिलांना मी नाना म्हणते आणि पोरीही नानाच म्हणतात. नवरा रेल्वेत आहे, भुसावळला रोज जाऊन येऊन करतो. मेहरूणमध्ये आमचं दुसऱ्या मजल्यावरचं घर आहे. नाना धुळे जिल्ह्यातले, शिंदखेड्याजवळच्या खेड्यातले. गेल्या श्रावणात माझी माय वारली आणि दिवाळीनंतर मी त्यांना इकडे घेऊन आले. मी एकुलती एक, त्यामुळे त्यांनी कोणाकडे जायचं हा प्रश्नच नव्हता. ते कुरकुर न करता आले, एक पिशवी आणि एक पितळी तांब्या घेऊन. त्यांना ऐकू येत नाही हे मला वर्षानुवर्षं माहीत होतं, पण गावी असताना ते मशीन लावायला तयार नव्हते. इथं आल्यावर मी त्यांचं काही चालू दिलं नाही आणि आठ दिवसांत मशीन बसवली.

आता त्यांच्या हाकेबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे जुन्या माणसांत नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नाहीत. नाना मायला हाक मारायचे ती एवढीच, ‘आयकस का?’ म्हणजे ऐकतेस का. ओसरीत खाटेवर पडल्या पडल्या हाक द्यायची आणि आतून, थोडा वेळ गेल्यावर, मायची ओ यायची, ‘हां, आयकस ना. काय म्हनतस?’ तो मधला थोडा वेळ ठरलेला असायचा. माय लगेच ओ द्यायची नाही. हातातलं काम खाली ठेवून, बांगड्या मागं सारून मग बोलायची. पुष्कळदा नानांना काही नकोच असायचं. ओ आली की त्यांचं काम झालेलं असायचं.

मायला नाव आहे हे मला पुष्कळ मोठी होईपर्यंत ठाऊक नव्हतं. पहिलीत गुरुजींनी आईचं नाव विचारलं तेव्हा मी ‘आयकस का’ असं सांगितलं आणि गुरुजी वहीत तोंड घालून हसले. माय हे आयुष्यभर सगळ्यांना सांगत राहिली. ती दुसरीही एक गोष्ट सांगायची. वरात दाराशी आली तेव्हा बायांनी उंबऱ्यावर नानांना अडवलं, नाव घेतल्याशिवाय आत सोडणार नाही म्हणाल्या. नाना म्हणे गर्रकन वळले, घराला वळसा घालून मागच्या दारानं आत गेले. माय एकटीच पुढच्या दारात उभी. अखेरपर्यंत त्यांनी नाव घेतलं नाही ते नाहीच. धुळ्याच्या दवाखान्यात नर्सनं पेशंटचं नाव विचारलं तर खिशातून तिचं आधार कार्ड काढून पुढं केलं होतं.

मी स्वतः नवऱ्याला नावानं हाक मारते, त्यावरून सासरी वर्षभर कुजबुज चालली होती. अहिराणीही मी मागं सोडून दिली. जळगावला शिकायला आले तेव्हा वसतिगृहातल्या मुलींनी माझ्या बोलण्याच्या नकला केल्या, तेव्हापासून माझी भाषा पुस्तकी झाली ती झालीच. घरात पोरींशी मी अहिराणी बोलत नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढं जे घडलं त्यात मला सगळ्यात आधी दचकवलं ते भाषेनं.

धाकटीची तपासणी मी स्वतःच केली. एप्रिलमधली दुपार होती, तीन वाजत आले असतील. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं आणि दवाखान्यातही दुसरा पेशंट नव्हता. तिला आवाजबंद खोलीत खुर्चीवर बसवलं, पुढ्यात लाकडी ठोकळ्यांची टोपली ठेवली. एवढ्या लहान मुलांना बटण जमत नाही. शिट्टी ऐकू आली की एक ठोकळा डब्यात टाकायचा, असा खेळ असतो. धाकटीनं खेळ मन लावून खेळला. मोठ्यांना ऐकू येत नाहीत असल्या बारीक शिट्ट्यांनाही तिनं ठोकळे टाकले. कान सोन्यासारखे होते. मी माईकमधून तिचं नाव घेतलं. तिनं मान वर केली नाही. पुन्हा घेतलं. ती टोपलीतल्या ठोकळ्यांकडे बघत शांत बसली होती.

मी माईक बंद केला आणि कागदावर लिहायला घेतलं. शिट्टी नव्हती, माझा आवाज नव्हता. त्या खोलीत तर शेजारचा दरवाजा आपटला तरी समजत नाही. आत बसणारे सांगतात की तिथं स्वतःचं रक्त वाहताना ऐकू येतं. अशा शांततेत धाकटीनं एकदम मान उचलली. हातातला ठोकळा खाली ठेवला. दोन्ही मनगटं अशी मागं सारली, जणू बांगड्या आहेत. आणि माझ्या टेबलावरच्या छोट्या स्पीकरमधून आवाज आला.

‘हां, आयकस ना. काय म्हनतस?’

आवाज तिचाच होता, चिमुकला. पण बोलण्यातली ती ठेवण, ‘ना’ वरचा तो हेल माझ्या मायचा होता. मी धावत जाऊन दार उघडलं आणि तिला विचारलं, कोणी हाक मारली ग? ती म्हणाली, नानांनी. नाना तर घरी होते, चार किलोमीटरवर.

माझ्या धंद्यात याला साधं उत्तर आहे. आवाजाची वाट बघणारं माणूस कधी कधी आवाज नसतानाही बटण दाबतं. आम्ही ते चुकीचं धरतो, कागदावर मांडत नाही आणि पुढं जातो. मी स्वतःला हेच सांगत रिक्षातून घरी आले. नाना कुलरसमोर गादीवर बसले होते, चेहरा प्रसन्न. मशीन डबीत होती. मी नेहमीसारखी चिडले, की मशीन डबीत ठेवायला बसवली नाही. मग मोठ्यानं विचारलं, दुपारी झोपलात का? ते म्हणाले, पडलो होतो.

‘आज ओ लांबून उनी,’ ते म्हणाले, आणि तांब्यातलं पाणी प्याले.

आज ओ लांबून आली. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले.

मोठीची शाळा उन्हाळ्यामुळं सकाळची झाली होती. ती साडेबाराला घरी यायची, जेवायची आणि शेजारच्या मैत्रिणीकडे जायची. आपल्याकडे कुलर असताना त्यांच्या पंख्याखाली का जाऊन बसतेस, असं मी तिला त्या संध्याकाळी विचारलं. ती नखं कुरतडायला लागली. मग म्हणाली, दुपारी ती खेळत नाही माझ्याशी. दुपारी ती मोठी माय होते. आजीला पोरी मोठी माय म्हणत. मी तिला म्हटलं, काहीतरीच काय बोलतेस. ती म्हणाली, तू बघ मग.

मी बघितलं. दुसऱ्या दिवशी अडीचला डोकं दुखतंय असं सांगून निघाले. जिन्यात चपला काढून हातात घेतल्या, किल्लीनं दार उघडलं आणि चोरासारखी माझ्याच घरात शिरले. कुलरची घरघर चालू होती, ओल्या वाळ्याचा वास होता, पडद्यांमुळं खोलीत पिवळट अंधार होता. नाना भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांच्यामागं, दाराजवळ, धाकटी जमिनीवर बसली होती. एक गुडघा उभा, एक मोडलेला. डोक्यावरून तिनं नानांचा पंचा घेतला होता. मांडीवर रिकामं ताट होतं आणि ती अंगठ्यानं शेंगा फोडत होती. शेंगा नव्हत्या. नुसता अंगठा दाबला जायचा, टरफल बाजूला टाकल्यासारखा हात हलायचा, दाणा ताटात पडल्यासारखी बोटं उघडायची. माझी माय बियाण्याचे भुईमूग असेच फोडायची, उन्हाळ्याच्या दुपारी, याच वेळेला. चुकलेला दाणा ती फुंकून पुन्हा ताटात टाकायची. धाकटीनंही फुंकर मारली.

नानांनी भिंतीकडे तोंड करूनच हाक दिली, ‘आयकस का?’

हात थांबला. ताट खाली ठेवलं गेलं. मनगटं मागं सरली. मग ती ओ आली. नाना म्हणाले, काही नाही. ती पुन्हा शेंगा फोडायला लागणार एवढ्यात तिला मी दिसले. मी दारातच उभी होते. पंच्याखालून तिनं माझ्याकडे बघितलं, ओळखीचं, मायेचं, थोडं थकलेलं बघणं होतं ते. आणि नानांच्या पाठीला उद्देशून ती म्हणाली,

‘आपली पोर उनी.’

मी गावी गेले की माय हेच म्हणायची. मी अंगणात पाय ठेवायच्या आत, आतल्या खोलीतून, मला न बघता, पावलांवरून ओळखून. आपली पोर आली. हे शब्द ऐकले की माझ्या पायांतला सगळा प्रवास निघून जायचा. श्रावणापासून ते मला कोणी म्हटलं नव्हतं आणि पुन्हा कोणी म्हणेल असं वाटलंही नव्हतं. मी तिथंच खाली बसले.

इथं मला एक कबूल करायचं आहे. त्याच वेळी पुढं होऊन मी तिच्या डोक्यावरचा पंचा काढायला हवा होता. मी काढला नाही. उलट दुसऱ्या दिवशीही लवकर आले, आणि तिसऱ्या दिवशीही. दवाखान्यात थापा मारल्या. उन्हात रिक्षा मिळाली नाही तेव्हा ओढणी डोक्याला गुंडाळून चालत आले. दारात उभी राहायची, ती मान वर करायची आणि ते तीन शब्द बोलायची. भीती जात नव्हती. रोज वाटायचं, आज नको जायला. पण अडीच वाजले की माझे पाय निघायचेच. पोरीनं हे कुठून उचललं याचा हिशोब मी मनाशी लावला होता. दोनतीन सुट्ट्या ती गावी राहिली होती, मायच्या मांडीवर बसून तिनं सगळं पाहिलं-ऐकलं होतं, आणि लहान मुलं टीपकागद असतात. आवाजबंद खोलीतली ओ तेवढी या हिशोबात बसत नव्हती, म्हणून मी तिचा विचारच करत नव्हते.

चौथ्या दिवशी सकाळी मॅडमचा फोन आला. शाळेत कोणी पाहुण्या बाई आल्या होत्या, त्यांनी एकेका मुलाला नाव विचारलं. धाकटीनं सांगितलं, ‘मला नाव नसतं.’ बाई हसल्या, म्हणाल्या, सगळ्यांना नाव असतं बाळा. तर ही म्हणाली, नाही, मला नुसती हाक असते.

फोन ठेवला. पहिलीतल्या गुरुजींचं हसू मला आठवलं. मीही हीच चूक केली होती, पण मी ती आईच्या नावाबाबत केली होती. ही स्वतःचं नाव टाकून देत होती आणि मी तीन दिवस दारात उभी राहून ते बघत होते, कारण मला माझी आई हवी होती. त्या दिवशी मला स्वतःचा जेवढा राग आला तेवढा कोणाचाही कधी आला नाही.

नवऱ्याला मी सगळं सांगितलं. तो शांत माणूस आहे, आवाज चढवत नाही, पण त्यानं सरळ सांगितलं. आखाजीला आपण गावी जाणारच आहोत. तोवर हे थांबलं नाही तर नानांना तिथंच ठेवायचं, भाऊबंद आहेत, जेवणाची सोय लावू, दर रविवारी जाऊ. पोरगी आधी. त्याचं चुकत होतं असं मला म्हणता येईना. पण रिकाम्या घरात नाना हाक देतील आणि ओ येणार नाही, हे मला सोसणार नव्हतं. आखाजीला आठवडा उरला होता.

त्या संध्याकाळी मी नानांना मेहरूण तलावावर फिरायला नेलं. मशीन त्यांच्या कानात होती. फिरताना ते नेहमी लावायचे. बाकावर बसल्यावर मी त्यांना मॅडमचा फोन सांगितला, धाकटीचं ते वाक्य सांगितलं. आणि मग जे विचारायला मी घाबरत होते तेही विचारलं. नाना, माय गेली हे तुम्हाला ठाऊक आहे ना?

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला लाज वाटली. म्हणाले, मी वेडा नाही. आपल्या हातानं मी तिला अग्नी दिला. हाक तर सवयीनं तोंडातून निघते. इथं आल्यावर एका दुपारी निघाली आणि ओ आली. मशीन काढलेली होती. त्यांना पहिल्या क्षणी कळलंच नाही कोण ते. मग कळलं. मग ते रोज जेवण झालं की मशीन डबीत ठेवायला लागले.

‘मशीन कानमा ऱ्हायनी का नातना आवाज येस,’ ते म्हणाले. ‘काढी ठेवी का तिना येस.’

मशीन कानात असली की नातीचा आवाज येतो. काढून ठेवली की तिचा. मी महिनोन्महिने त्या डबीवरून त्यांच्यावर ओरडत होते. बॅटरी वाया जाते, कानाची सवय मोडते, असली भाषणं देत होते. सगळं समजून उमजून हा माणूस रोज दुपारी दोन तास बहिरा होऊन पडायचा. मी त्यांना माझीही चोरी सांगून टाकली, की मीही रोज दारात उभी राहायचे. धाकटीबद्दल ते काहीच बोलले नाहीत. पुढचा आठवडाभर दुपारी मी पोरींना शेजारी ठेवलं आणि नानांची हाक तशीच विरत राहिली, असं भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी सांगितलं. पण शेजारच्या काकूंनी मला वेगळंच सांगितलं. तीनच्या सुमाराला धाकटी खेळता खेळता थांबते, मनगटं मागं सारते आणि भिंतीकडे बघून काहीतरी पुटपुटते.

आखाजीच्या आदल्या दिवशी आम्ही गावी पोचलो. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठी. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांसाठी घागर भरतात. मायची ही पहिली घागर होती. कुलूप काढून दार ढकललं तेव्हा मी उगाच थांबले. आतून कोणी काही बोललं नाही.

सकाळी मी उंबरा धुतला. मातीची नवी घागर भरून ठेवली, तिच्या तोंडावर छोटं मडकं, त्यावर डांगर म्हणजे खरबूज, बाजूला सांजोऱ्या आणि आंबे. मग नाना कुंकवाची वाटी घेऊन उंबऱ्याशी बसले. रीत अशी की कुंकवात बोट बुडवून उंबऱ्यावर एकेक ठसा उमटवायचा आणि प्रत्येक ठशाला एकेका गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं. बोलावल्याशिवाय ते जेवायला येत नाहीत. भाऊबंदांतले दोघंतिघं अंगणात उभे होते. नवरा मोठीचा हात धरून होता. धाकटी नानांच्या अगदी जवळ उकिडवी बसली होती, त्यांच्या बोटाकडे बघत.

नानांनी आपल्या आजोबांचं नाव घेतलं, आजीचं घेतलं, आईवडिलांचं, लहानपणी गेलेल्या भावाचं. आवाज खणखणीत होता. पाच ठसे ओळीनं उमटले. सहावं बोट कुंकवात बुडलं, वर आलं आणि हवेत राहिलं. आम्ही वाट बघत होतो. बोटावरचं कुंकू वाळायला लागलं. एक चुलतभाऊ हळूच म्हणाले, पोरीला घेऊ द्या नाव, चालतं. मी पुढं वाकले, तशी नानांनी दुसऱ्या हातानं मला थांबवलं. मग तो हात त्यांनी कानाकडे नेला. मला वाटलं, आता हे मशीन काढणार. त्यांनी ती नीट आत दाबून बसवली.

आणि मायचं नाव घेतलं.

ते नाव मी इथं लिहिणार नाही. ज्या उंबऱ्यावरून ते नाव न घेता मागच्या दारानं पळाले होते, तिथंच बसून त्यांनी ते घेतलं. पहिल्यांदा पुटपुटल्यासारखं, आणि मग पुन्हा एकदा, मोठ्यानं, हाक मारल्यासारखं. धाकटी दचकली. तिचे हात मनगटं मागं सारायला उचलले गेले होते, ते अर्ध्यावर थांबले. तिनं मला विचारलं, हे कोणाचं नाव? मी म्हटलं, मोठ्या मायचं. ती म्हणाली, तिला नाव होतं? नाना तिच्याकडे वळले. कुंकवाचं तेच बोट तिच्या कपाळाला लावलं आणि तिचं नाव घेतलं, तिचं स्वतःचं. तिनं पटकन ‘ओ’ म्हटलं, साधं, पोरासोरांचं. नवऱ्यानं तोंड दुसरीकडे फिरवलं. त्यानं नंतर नानांना गावी ठेवण्याचा विषय काढला नाही.

दुपारी सगळे जेवून पांगले. मी पोरींना घेऊन चिंचेखालच्या झोक्यावर गेले होते. मोठी तिथंच रमली. धाकटीला पेंग यायला लागली, तशी तिला खांद्यावर टाकून मी घराकडे निघाले. तीनचा सुमार होता, गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. अंगणाशी आले आणि आतून नानांची हाक आली.

‘आयकस का?’

मी जागच्या जागी थांबले. खांद्यावरची पोर किंचित हलली. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ओठ हलले नाहीत. ती पुन्हा माझ्या मानेत तोंड खुपसून झोपली. आत घरात कोणी नव्हतं, नाना एकटे होते. ओ यायला मायला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ गेला. मग थोडा जास्तच गेला. त्या शांततेत मला कुठंतरी बांगड्या सरकल्यासारखं वाटलं. आवाज नसताना बटण दाबणारे लोक मी रोज बघते.

मग नानाच पुन्हा बोलले, कोणालातरी आनंदाची बातमी द्यावी तसं.

‘आपली पोर उनी.’

दारातून मला त्यांची पाठ दिसत होती. मशीन त्यांच्या कानात होती. माझ्या चपलांचा आवाज त्यांना अंगणातूनच ऐकू आला होता. उंबऱ्यावरच्या सहाव्या ठशाला पाय लागू न देता मी आत आले आणि म्हटलं, ‘हां नाना, उनी.’